काळ्या पाण्याची बाई आणि गौरीचं जेवण

ग्लासगोजवळच्या एका पोरीला एका शालीपायी समुद्रापार धाडलं, ही गोष्ट मला झिंडेलफिंगेनमधल्या एका जिन्यात कळली. तो जिना मी नुकताच धुवून काढला होता, अक्षरशः धुवून. जर्मनीच्या त्या भागात इमारतीतल्या प्रत्येक घरावर आळीपाळीने जिना साफ करायचा आठवडा येतो, त्याला केरवोखे म्हणतात. पाळी आली की दाराच्या कडीला एक पाटी येऊन लटकते. मला वाटलं, यात काय शिकायचंय? मी बादलीभर पाण्यात साबण कालवला आणि आपल्याकडे अंगण धुतात तसं वरच्या पायरीवरून पाणी सोडून दिलं. ते झुळझुळत खालच्या मजल्यावर गेलं आणि तिथल्या दाराच्या फटीतून आत शिरलं. दार उघडलं तेव्हा लोकरीचे मोजे चिंब भिजलेली एक उंच म्हातारी समोर उभी होती.

जर्मन माणसं अशा वेळी काय बोलतात याचा मला तोवर पुरेसा अनुभव आला होता. मी मान खाली घालून ऐकायच्या तयारीने उभी राहिले. पण ती हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "माझ्या खापरपणजीने अशाच बादल्या उपसत शिक्षा भोगली. तुला कोणी कशासाठी पाठवलंय?"

ती मूळची ऑस्ट्रेलियातली, टास्मानिया बेटावरची. तरुणपणी एका जर्मन इंजिनियरशी लग्न करून आली, तो गेला आणि ती राहिली. माझी मुलगी तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिने मला फडक्याने जिना कोरडा कसा पुसतात ते शिकवलं, आणि पुसता पुसता माझं जर्मनही पुसून लख्ख केलं. इंग्रजी ती हट्टाने टाळायची. मी अडखळले की खांदे उडवून वाट बघत बसायची. त्या दिवसांत तिच्या खापरपणजीची गोष्ट मी तुकड्यातुकड्याने ऐकली. एकेक क्रियापद तिच्याकडून दोनदा वदवून घेऊन ऐकली, म्हणून ती माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली असावी.

ती पोरगी विणकरांच्या वस्तीतली. आई लवकर गेलेली, बाप दारूत. एका व्यापाऱ्याच्या घरी ती कामाला होती आणि तिथून तिने एक शाल उचलली. आधीही एकदा काहीतरी उचललं होतं म्हणे, त्यामुळे न्यायाधीशाने दयामाया दाखवली नाही. सात वर्षं समुद्रापार.

"म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा," मी म्हटलं. मग अंदमान म्हणजे काय, ते मला तिला समजावून सांगावं लागलं.

"गेनाऊ, अगदी तेच," ती म्हणाली. "फक्त आमच्याकडे पाणी निळं होतं."

जहाजाच्या पोटात नुसत्या बायका आणि त्यांची लहान लेकरं. निघायच्या आधी काही धार्मिक वृत्तीच्या बायका येऊन प्रत्येकीला कापडाचे तुकडे, सुया आणि दोरा देऊन गेल्या, हात रिकामे राहिले की मन वाईटाकडे वळतं म्हणून. चार महिने त्या बायका तुकड्याला तुकडा जोडत बसल्या. मी म्हटलं, अहो, म्हणजे गोधडीच की. ओमाला गोधडी हा शब्द फार आवडला. पुढे ती स्वतःच्या पांघरुणालाही गोधडी म्हणायची आणि शेजारच्या जर्मन बायकांना त्याचा उच्चार शिकवायची.

आता आमचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजीने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव उचलून नदीत सोडले आणि मागे वळून पाहिलं नाही. गौरी-गणपती मानणार नाही, अशी प्रतिज्ञा तिने हात पुढे करून केली होती. आमच्या घरात ती प्रतिज्ञा शाळेतल्या पाढ्यांइतकी पाठ. पण आमचं आडनाव असं, की ते ब्राह्मणांतही सापडतं, मराठ्यांतही आणि आमच्यातही. माझी भाषा पुण्याच्या हॉस्टेलात घासून गुळगुळीत झालेली. तेव्हा झिंडेलफिंगेनमधल्या मराठी मंडळींनी आम्हाला त्यांच्या मनाला येईल त्या कप्प्यात टाकलं, आणि माझ्या नवऱ्याने ते तसंच राहू दिलं.

त्याचं कारण होतं. तो गाड्यांचे सुटे भाग कागदावर आखून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. तिथला त्याचा गटप्रमुख पुण्याचाच. जर्मन लोक त्याला सरळ पहिल्या नावाने हाक मारायचे, माझा नवरा मात्र अजून सर म्हणायचा. नवऱ्याचा करार, फेरट्राग, वर्षाचा. तो वाढवायचा की नाही हे त्या सरांच्या सहीवर. आणि करार नाही तर राहायचा परवाना नाही, परवाना नाही तर सामान बांधा आणि परत जा. हे इतकं साधं होतं.

"नवा फेरट्राग हातात पडू दे," नवरा म्हणायचा. "मग पाहिजे तर चौकात उभी राहून सांग."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी पडला ना हातात? मग?"

मी चिडून भांडी आपटायची.

त्यात भर म्हणजे सरांची बायको माझी मैत्रीण. नुसती ओळखीची नव्हे, मैत्रीण. मुलीला ताप भरला तेव्हा बर्फातून मऊ भात घेऊन आलेली. माझ्या केसांना तेल लावून देणारी. दोघी मिळून आम्ही श्पेत्झले नावाच्या जर्मन शेवयांच्या साच्यातून पुरण काढायचं तंत्र शोधलं होतं आणि त्याचा आम्हाला भयंकर अभिमान होता. परदेशात अशी एक बाई भेटली की माणूस तरून जातो. तिच्याशी मी सगळं बोलायची, एक सोडून.

त्या वर्षी तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. आणि सप्टेंबरात मैत्रिणीचा फोन आला.

"ऐक, यंदा आई आहेत तर गौरी बसवतेय, अगदी साग्रसंगीत. सवाष्ण म्हणून तू येणार आहेस. नाही म्हणायचं नाही."

गौरीच्या जेवणाला जी सवाष्ण बोलावतात ती म्हणजे देवीच. तिला पाटावर बसवतात, हळदीकुंकू लावतात, जेवू घालतात, ओटी भरतात. त्या पाटावर कोणी बसायचं आणि कोणी बसायचं नाही, याचा हिशोब पुण्यात कोणाला बोलून दाखवावा लागत नाही इतका उघड असतो. तिने मला बोलावलं ते प्रेमाने आणि चुकीने. आणि मला जायचं नव्हतं ते तिच्यावर राग होता म्हणून नव्हे. माझी आजी आठवली म्हणून.

"जेवून ये," नवरा म्हणाला. "जेवल्याने काय होतं?"

"जेवल्याने काही होत नाही. त्या पाटावर बसल्याने होतं."

"नाही गेलीस तर ती कारण विचारेल. काय सांगशील? ताप आला? तर ती तो मऊ भात घेऊन येईल, सासूबाईंना घेऊन येईल. इथे." त्याने भिंतीकडे पाहिलं. निळ्या कोटातली ती तसबीर आम्ही झोपायच्या खोलीत लावली होती, बैठकीच्या खोलीत नाही. "सही या महिन्याअखेर आहे. मी तुझ्या पाया पडतो."

तो खरंच वाकला. मला त्याची दया आली आणि किळसही आली. दोन्ही एकदमच आलं. मी हो म्हटलं.

ओमाला सोबत नेण्याची कल्पना काकूंची. मैत्रिणीच्या सासूबाईंना मी काकू म्हणायची. "मड्डमलाही घेऊन ये गं," त्या म्हणाल्या, "आपला स्वैपाक बघू दे तिला." ओमाने त्या दिवसासाठी इस्त्रीचा कोट घातला आणि हातात डबाभर सफरचंदाचा केक धरला. काकूंनी तो अंडं असेल म्हणून गॅलरीत ठेवायला लावला.

गौरी दोन लाकडी स्टुलांवर उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, गळ्यात मैत्रिणीचं मंगळसूत्र आणि काकूंची मोहनमाळ. मागे खिडकीतून पलीकडच्या इमारतीच्या सारख्या गॅलऱ्या दिसत होत्या. धुपाने धुराचा भोंगा वाजू नये म्हणून सरांनी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. मला पाटावर बसवलं. ओमाला शेजारी खुर्ची दिली, तिचे गुडघे वळत नसत म्हणून. सर मुद्दाम बाहेर गेले होते, बायकांचं जेवण म्हणून. काकूंनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. बोटं गार होती. पलीकडे ताटात तांदूळ, नारळ आणि खण तयार ठेवलेला होता. जेवण झाल्यावर तो माझ्या पदरात पडायचा होता. मी त्या ताटाकडे न बघता जेवायला लागले.

पहिल्या पोळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग काकू म्हणाल्या, "अगं, या आजींना विचार, यांचं मूळ गाव कुठलं? घरचे काय करायचे?"

मी विचारलं. ओमाने तोंड पुसलं, आणि मला नको होतं तेच झालं. तिने खापरपणजीपासून सुरुवात केली.

मी भाषांतर करायला लागले. शाल, न्यायाधीश, जहाज. काकूंना पहिल्याच वाक्यात धक्का बसला. "म्हणजे चोर?" त्यांनी मलाच हळू आवाजात विचारलं, जणू ओमाला मराठी कळेल. पण गोष्ट अशी होती की त्यांना ऐकल्याशिवाय राहवेना. मैत्रीणही वाढता वाढता थांबली.

ओमा बोलत होती आणि मी तिच्या मागून चालत होते. बेटावर उतरल्यावर त्या पोरीला एका शेतमालकाच्या घरी कामाला दिलं. सरकारी कैदी, म्हणजे फुकटची मोलकरीण. वर्षभरात ती गरोदर राहिली. कोणापासून ते तिने कधी सांगितलं नाही, पण घरात पुरुष एकच होता. मालकिणीने तिलाच गुन्हेगार ठरवून परत पाठवलं. बायकांचा कारखाना म्हणायचे त्या जागेला, पण तो तुरुंगच. उंच दगडी भिंती, मागे डोंगर, थंडीत ऊन आत यायचंच नाही. तिचे केस कापले.

"आमच्याकडे विधवांचे काढायचे तसे," काकू म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

तिच्या जाकिटाच्या पाठीवर पिवळ्या कापडाचं मोठं अक्षर शिवलं, लांबून ओळखू यावी म्हणून. दिवसभर गावाचे कपडे धुवायचे, गार पाण्यात. मुलगी झाली. मुलीचं अंगावरचं दूध तुटलं तसं तिला उचलून अनाथाश्रमात नेलं आणि आईला परत धुण्याच्या टाकीवर.

"बाई बाई! लेकरू तोडलं?" काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलंही. हे मला अजून आठवतं आणि अजून मला कळत नाही की त्याचं काय करावं. ते पाणी खरं होतं.

शिक्षा संपली. तिने एका सुटलेल्या कैद्याशी लग्न केलं, लाकडं कापणाऱ्या. मग ती मुलीला आणायला गेली. परत पाठवली. पुन्हा गेली. शेवटी आश्रमवाल्यांनी मुलगी दिली, आणि मुलगी तिच्याकडे बघून रडायला लागली, कारण ही बाई कोण हेच तिला ठाऊक नव्हतं. ती मुलगी म्हणजे ओमाची पणजी.

"आणि मग ती म्हातारी होईपर्यंत जगली," ओमा म्हणाली. "गावात बेकरी चालवली. आणि सगळ्यांना सांगायची, मी स्वखुशीने आले, एका पाद्र्याच्या घरची दाई म्हणून. मुलीने तेच सांगितलं, नातीने तेच सांगितलं. माझ्या मावशीने एका लग्नात भांडताना ओरडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा मला कळलं. माझी आई पुन्हा मावशीशी बोलली नाही. खोटं आहे, खोटं आहे, म्हणतच गेली."

मी हे सांगितलं. काकूंनी समजुतीने मान हलवली. "बरोबर केलं आईने. असलं कोणी चारचौघांत बोलतं का? पोरीबाळींची लग्नं व्हायची असतात."

ओमाने विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं.

"आल्झो, म्हणजे बघ, शालीची लाज नव्हती तिला," ओमा म्हणाली. "शाल काय, गरीब पोरी उचलायच्या. भीती वेगळी होती. कळलं असतं तर कोणी त्यांच्या बरोबर जेवायला बसलं नसतं."

हे वाक्य मला मराठीत म्हणावं लागलं. मी म्हटलं, "कळलं असतं तर पंगतीला कोणी बसवलं नसतं." माझ्याच तोंडातून ते बाहेर पडलं आणि हातातला घास मी परत पानात ठेवला. पानात कटाची आमटी होती, सोळा भाज्या होत्या, आणि मी देवी म्हणून बसले होते.

"तुमच्या आजीचं सांगा ना," ओमा काकूंना म्हणाली. काकू खुलल्या. आजी म्हणजे काय बाई होती! सोवळ्यात काटेकोर. सूर्य उगवायच्या आत तिचं पाणी भरून व्हायचं. वाड्याच्या मागे विहीर होती, बारा महिने पाणी, गोड. "आणि तिच्या विहिरीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. दुष्काळातसुद्धा!"

मी तेही जर्मनमध्ये सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटत होता.

ओमाची भुवई वर गेली. "दुष्काळातसुद्धा? कोणाला हात लावू देत नव्हत्या?"

"विचारतायत," मी काकूंना म्हटलं, "कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत?"

"अगं, ते खालच्या आळीतले लोक गं. तुला कळलं की."

मला कळलं होतं. ओमाला कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, जिन्यात क्रियापदासाठी अडले की बघायची तशी, फक्त या वेळी खांदे न उडवता, वाट बघत. मला काही तरी गुळमुळीत सांगता आलं असतं. गावातले इतर लोक. गरीब लोक. जर्मनमध्ये तर काहीही खपलं असतं, काकूंना त्यातलं काही कळणार नव्हतं. नवरा डोळ्यांसमोर आला, त्याचं ते वाकणं. सामान बांधलेल्या बॅगा डोळ्यांसमोर आल्या.

"वीअर," मी म्हटलं. आम्ही.

मैत्रिणीला जर्मन येत होतं. तिच्या हातातला तुपाचा गडू तसाच राहिला.

"काय म्हणालीस त्यांना?" काकूंनी विचारलं.

मग मी मराठीत सांगितलं. आम्ही, काकू. आम्ही खालच्या आळीतले. माझी आजी अशाच एका विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. तासन्‌तास. पोटुशी असतानाही. कोणी ओतलं तर ओतलं. एकदा कोणीच ओतलं नाही, तेव्हा ती ओढ्याचं पाणी घेऊन गेली, आणि त्या पाण्याने माझी एक आत्या गेली. माझा आवाज चढला होता. मी रडत नव्हते, मला प्रचंड राग आला होता. आत्येला मी कधी पाहिलंही नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे, जिथे त्यांनीच कुंकू लावलं होतं. मग स्वतःच्या बोटांकडे. "मला जरा बरं वाटत नाहीये," त्या म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

"अजून पोळी?" मैत्रीण म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. मला एवढंच हवं होतं की तिने गडू खाली ठेवावा आणि माझ्या शेजारी येऊन बसावं. तिने पोळी वाढली नाही आणि बसलीही नाही. ती गौरींकडे बघत उभी राहिली. शेवटी मीच उठले. ओमाने कोट घातला, गॅलरीतला केक तसाच सोडला, आणि जिन्यात मला विचारलं, "मी काही चुकीचं विचारलं का?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर विचारलंत."

नवऱ्याला घरी आल्या आल्या सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि त्याने आपली बोटं मोडायला सुरुवात केली, एकामागून एक, मुलाखतीच्या आधी मोडायचा तशी. मग म्हणाला, "एक महिना. एक महिना गप्प बसता आलं नाही तुला?" आणि त्यानंतर आम्ही घरात फक्त मुलीबद्दल बोलायचो. डबा, शाळा, स्वेटर. ती आमच्याकडे आळीपाळीने बघायची आणि जर्मनमध्ये विचारायची, काय झालंय. आम्ही दोघेही मराठीत म्हणायचो, काही नाही.

कंपनीत सर नेहमीसारखे वागत होते, असं नवरा म्हणाला. नेहमीपेक्षा जरा जास्तच चांगले. तेच त्याला खात होतं. मैत्रिणीचा फोन नाही. मी दोनदा केला, तिने उचलला नाही. बाजारात दुसरी एक मराठी बाई भेटली, तिला काही ठाऊक असल्याचं दिसलं नाही. म्हणजे मैत्रिणीने कोणाला सांगितलं नव्हतं. हे मैत्रीचं लक्षण की लाजेचं, ते मला ठरवता येईना. झोप उडाली होती. सकाळी उठले की पहिला विचार यायचा तो परतीच्या विमानाचा.

मग एका रविवारी संध्याकाळी सर आमच्या घरी आले. फोन न करता, जे जर्मनीत आपली माणसंही करत नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर गाडी खाली उभी होती आणि पुढच्या सीटवर मैत्रीण बसलेली होती. ती वर आली नाही. तिने मान वर करून एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं. ते मला जितकं लागलं तितकं त्या दिवसांत दुसरं काहीच लागलं नाही.

सर वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. त्यांनी चहा घेतला, सगळा प्यायला, आणखी मागितला. चिवडा खाल्ला. मुलीला तिच्या शाळेबद्दल विचारलं. मग मुलगी आत गेली आणि त्यांनी कप बाजूला सरकवला.

"वहिनी, मी स्पष्ट बोलतो. आम्ही दोघं असलं काही मानत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण आई जेवत नाहीये. म्हणते, मी गौरीसमोर काय करून बसले. प्रायश्चित्त काय घ्यायचं म्हणून रोज पुण्याला फोन लावते. तिचं वय झालंय, रक्तदाब आहे."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"तेव्हा मी म्हटलं, यातून साधा मार्ग आहे. तुम्ही येऊन तिला एवढंच सांगा, की भाषांतरात गोंधळ झाला. त्या म्हातारीच्या आजीची गोष्ट होती, बोलता बोलता तुम्ही 'आमची' म्हणालात. बस. तिला जर्मन कळत नाही, ती विश्वास ठेवेल. तिला विश्वास ठेवायचाच आहे. ऑक्टोबरात ती परत जाईल. विषय संपला." मग ते नवऱ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "तुझा फेरट्राग माझ्या टेबलावरच आहे. उद्या सोमवार. सकाळी सही करून टाकतो."

मी तोंड उघडलं. नवऱ्याने हात वर केला, मला थांबवायला. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढलेली. तो हात मला ओळखीचा होता. आता तो म्हणणार, ती येईल सर, मी घेऊन येतो तिला. मी मनातल्या मनात काकूंच्या दारात उभी राहिले, चपला काढल्या, काकू, गोंधळ झाला हो. ओमाच्या खापरपणजीसारखी बेकरीच्या गल्ल्यावर बसून, जन्मभर तेच खोटं सांगत. त्या क्षणी मला त्याच्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप झाला, हे मी लिहून ठेवते, कारण तो झाला.

"सर," नवरा म्हणाला, "तिच्या आजीचं ती सांगून चुकलीय. माझ्या आजीचं राहिलंय."

"अरे, त्याची काही गरज..."

"संध्याकाळी ती गावात फिरायची. घरोघर. दारात उभं राहून हाक द्यायची, भाकरी वाढा माय. आत जायचं नाही, उंबऱ्याला शिवायचं नाही. बाई बाहेर यायची आणि शिळा तुकडा वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. कधी पदरात पडायचा, कधी मातीत. मातीतला ती झटकून घ्यायची. तो तुकडा खाऊन माझा बाप शाळेत गेला. त्याने मला इंजिनियर केलं." त्याने सरांनी सरकवलेला कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. "मी तीन वर्षं तुमच्याकडे जेवतोय. काकूंनी मला स्वतःच्या हाताने वाढलंय. हे सगळं त्यांना तुम्ही सांगा. मराठीतच आहे सर, भाषांतर लागणार नाही."

सर उठले. मग बूट घातले आणि गेले. खाली गाडीचा दिवा लागला. आतल्या खोलीच्या दारात आमची मुलगी उभी होती, आणि तिने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आम्हाला मराठीत विचारलं, "मातीतला का घेतला?" नवऱ्याने तिला मांडीवर घेतलं आणि मुळापासून सगळं सांगायला सुरुवात केली.

सोमवारी सही झाली नाही. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता नवऱ्याने ते सांगितलं, आणि मी त्याला तोंडावर सांगितलं, की मला तुझा अभिमान वाटतो. तो म्हणाला, मला भीती वाटतेय. मलाही वाटत होती.